डोकं मोठं झालं, सबब गेली

गोल्फच्या बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांतल्या बहुतेक उघड्याबोडक्या, एकमेकींवर आपटत, खडखडत फिरतात. एकीला मात्र ऐन मे महिन्यातही माकडटोपी असते. ती म्हणजे ड्रायव्हर, सगळ्यांत लांब मारायची काठी. टायगर वुड्सच्या ड्रायव्हरची टोपी वाघाच्या तोंडाची आहे आणि त्या वाघाचं नाव फ्रँक आहे. चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानावर वाघ नसतो, पण टोपी काढण्याचा सोहळा तोच. खेळाडू ती उतरवून कॅडीच्या हातात देतो, काठी दोनदा हवेत सपासप फिरवतो, खांदे सैल करतो, लांबवरच्या हिरवळीकडे डोळे बारीक करून बघतो आणि सगळा जीव एकवटून हाणतो. चेंडू दीडशे यार्ड अगदी सरळ जातो. मग त्याला काहीतरी आठवतं आणि तो उजवीकडच्या झाडीत शिरतो.

यानंतर जे घडतं ते जगातल्या सगळ्या मैदानांवर सारखंच. खेळाडू चेंडू कुठे पडला ते बघत नाही. ते काम कॅडीचं. तो काठी उलटी करतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो. त्या नजरेत आश्चर्य असतं, थोडा दुखावलेपणा असतो, पण मुख्य म्हणजे चौकशी असते. या नजरेचा इतिहास लिहायला हवा, कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंजिनिअर मंडळींनी तिचा आधारच काढून घेतला आहे.

पूर्वी ती नजर रास्त होती. ड्रायव्हरचं डोकं पर्सिमन या अमेरिकी झाडाच्या लाकडाचं असे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं, म्हणजे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्याचं चुलतभावंड. एकाच्या नशिबी विडी आली, दुसऱ्याच्या नशिबी सेंट अँड्र्यूजचं मैदान. पण लाकूड ते लाकूडच. पावसात ते फुगे, उन्हात तडके, मानेवर गुंडाळलेला दोरा ऐन वेळी सुटे. मधल्या रुपयाएवढ्या जागेपासून चेंडू जरा इकडेतिकडे लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. फटका फसला तर ‘लाकूड ओलं झालंय’ एवढं म्हटलं की पुरे. ऐकणारे तिघेही मान डोलवत, कारण थोड्या वेळाने तीच सबब त्यांनाही लागणार असे. बर्नहार्ड लँगरने १९९३ची मास्टर्स लाकडी ड्रायव्हरने जिंकली. एखादी मोठी स्पर्धा लाकडी डोक्याने जिंकणारा तो शेवटचा, असं गोल्फच्या इतिहासात सांगतात. लाकूड कोरडं असेल त्याचं.

तोवर धातू आलेला होताच. गॅरी अॅडम्स नावाच्या गृहस्थाने १९७९ साली घर गहाण टाकून २४,००० डॉलर उभे केले आणि टेलरमेड ही कंपनी काढून पोलादाचा ड्रायव्हर विकायला सुरुवात केली. लोक आधी हसले आणि मग त्यांनी तो विकत घेतला. पण डोकं प्रचंड करण्याचं श्रेय जातं ईली कॅलवे यांना. हे गृहस्थ आधी कापडाच्या धंद्यात मोठ्या हुद्द्यावर होते. तिथून निघाले आणि कॅलिफोर्नियात द्राक्षं लावून वाइन करू लागले. तीही अशी की १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये ती इंग्लंडच्या राणीच्या जेवणात वाढली गेली. मग वाइनचा व्यवसाय विकून, साठी उलटल्यावर, ते गोल्फच्या काठ्यांकडे वळले. त्या वयात आपल्याकडे माणूस फार तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ड्रायव्हरचं डिझाइन करायला त्यांनी रिचर्ड हेल्मस्टेटर यांना घेतलं. यांचा मूळ व्यवसाय बिलियर्ड्सच्या काठ्या बनवण्याचा. अशा रीतीने एका कापडवाल्याने आणि एका बिलियर्ड्सवाल्याने मिळून गोल्फचं डोकं बदललं.

त्यांचा १९९१चा ड्रायव्हर पोलादाचाच होता. आकार १९० घनसेंटीमीटर, जो तेव्हा राक्षसी वाटला. नाव ठेवलं ‘बिग बर्था’. मूळची बिग बर्था म्हणजे पहिल्या महायुद्धातली जर्मनीची ४२० मिलिमीटर तोंडाची तोफ, जिने १९१४ साली बेल्जियममधल्या लिएजचे किल्ले फोडले. ते नाव क्रुप या तोफा बनवणाऱ्या घराण्याची वारसदार बर्था क्रुप हिच्यावरून पडलेलं. बिचारीने आयुष्यात कुणाचा किल्ला फोडला नसेल. पण तिच्या नावाने आधी तोफ आली आणि पाऊण शतकाने गोल्फची काठी.

१९९५ला टायटेनियमची ‘ग्रेट बिग बर्था’ आली, सुमारे २५० घनसेंटीमीटरची. १९९७ला ‘बिगेस्ट बिग बर्था’, २९०ची. इथे विशेषणं संपली, आकार मात्र वाढतच राहिला. शेवटी नियमकर्त्यांना २००४पासून ४६० घनसेंटीमीटरची मर्यादा घालावी लागली. म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत मावेल त्याहून थोडंसंच कमी. आज बाजारात जवळपास प्रत्येक ड्रायव्हर या मर्यादेला डोकं टेकवून उभा असतो आणि एकेकाळची सर्वांत मोठी बर्था त्याच्या शेजारी कुपोषित दिसते.

टायटेनियमच का, याचं उत्तर सोपं आहे. एक घनसेंटीमीटर पोलाद ७.८ ग्रॅमच्या आसपास भरतं, टायटेनियम साडेचार. ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन २०० ग्रॅमच्या जवळपास ठेवावं लागतं, नाहीतर काठी फिरवताना खेळाडूच फिरेल. तेवढ्याच वजनात हलका आणि चिवट धातू वापरला की पोकळ डोकं फुगवता येतं, वजन कडांकडे पसरवता येतं. मग चेंडू मधोमध न लागता टाचेला किंवा टोकाला लागला तरी डोकं हातात फारसं पिरगळत नाही. शिवाय पुढचा पत्रा इतका पातळ ठेवता येतो की फटक्याच्या क्षणी तो आत दबतो आणि चेंडूला उसळी देतो. चेंडूची आणि काठीची ही भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती असते. त्यानंतरचं सगळं स्पष्टीकरण, ते मात्र क्लबहाऊसमध्ये अर्धा तास चालतं.

हा धातूही काही साधासुधा नव्हे. साठच्या दशकात अमेरिकेने रशियावर पाळत ठेवायला एसआर-७१ हे विमान बांधलं, तेव्हा त्यासाठी लागणारं टायटेनियम आडून-आडून, बनावट नावाच्या कंपन्यांमार्फत रशियाकडूनच घेतलं होतं. शीतयुद्धात ज्याच्यासाठी एवढी लपवाछपवी झाली, तो धातू आज सॅन होजेहून येणाऱ्या मेहुण्याच्या सामानात, भाकरवडीच्या रिकाम्या डब्यांशेजारी, मोज्यांत गुंडाळून पुण्यात उतरतो. काठी साडेपंचेचाळीस इंचांची, सुटकेस तीस इंचांची. दाराशी स्वागत करणाऱ्या बहिणीचं लक्ष मुलाबाळांकडे असतं. मेहुण्याच्या खांद्यावरच्या लांबोडक्या पिशवीकडे लक्ष असणारा घरात एकच जण असतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो मैदानावर. ‘साहेब, इथं पाच नंबरची काठी मारा, पुढं पाणी आहे,’ असं वयस्कर कॅडी सांगतो. ‘नवीन आहे, बघू तरी, मामा,’ असं उत्तर येतं. मामा टोपी हातात धरून गप्प उभे राहतात. त्यांनी पर्सिमनही पाहिलेला असतो, बर्थाही पाहिलेली असते आणि पाणीही.

इथे या मोठ्या डोक्याचा खरा विनोद सुरू होतो. काठीचं तोंड फटक्याच्या रेषेला तिरकं राहिलं की चेंडूला तिरकी फिरकी मिळते आणि तो वळतो. डोकं किती का मोठं असेना, हा तिरकेपणा ते दुरुस्त करत नाही. ते फक्त वेग देतं. आणि चुकलेल्या दिशेने दिलेला वेग म्हणजे आधी झाडीच्या कडेला मिळणारा चेंडू आता झाडीच्या पोटात, किंवा तिच्याही पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर. वीस यार्ड जास्त, हे जाहिरातीतलं वचन अक्षरशः पाळलं जातं. कुठल्या बाजूला ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आवाजाची गोष्ट वेगळीच. पर्सिमन ‘टक’ म्हणे. पातळ पत्र्याचं पोकळ डोकं म्हणजे घंटाच. २००८च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या डॉक्टरांनी ५५ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत दिली. कानात सतत गुणगुण, ऐकू कमी. कारखान्यात काम नाही, बंदुकीचा नाद नाही. चौकशीत निघालं की हा गृहस्थ दीड वर्षं, आठवड्यातून तीनदा, किंग कोब्राचा टायटेनियम ड्रायव्हर मारत होता आणि प्रत्येक फटका त्याला बंदुकीच्या बारासारखा ऐकू येई. शेवटी त्याने ती काठी टाकून दिली. डॉक्टरांनी मग पातळ तोंडाचे टायटेनियम ड्रायव्हर आणि जाड तोंडाचे पोलादी ड्रायव्हर मारून घेऊन आवाज मोजले. टायटेनियमवाले जास्त मोठे निघाले. कानात बोळे घालून खेळण्याचा सल्ला त्यांनी दिला. तो फारसा कुणी मानलेला दिसत नाही, आणि त्याचं कारणही उघड आहे. तो आवाज ऐकण्यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. दीडशे यार्डांचा फटकासुद्धा तीनशेच्या आवाजात निघतो, आणि शेजारच्या फेअरवेवरच्यांना चेंडू दिसत नाही, आवाज ऐकू येतो. २००७ साली नायकेने चौकोनी डोक्याचा ‘सुमो’ काढला, तेव्हा कुठल्या टीवर तो चालू आहे हे क्लबहाऊसमध्ये बसून सांगता येई.

आगीची गोष्ट मात्र आवाजाइतकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २०१० साली अर्व्हाइनच्या शेडी कॅन्यन मैदानावर एकाने रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, फटका मारला, काठी दगडावर घासली आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. पुढच्या वर्षांत तशीच आणखी एक घटना घडली. काठीच्या ठिणगीने डोंगर पेटतो यावर कुणाचा विश्वास बसेना. मग तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रयोग करून दाखवलं की टायटेनियमच्या तळाची काठी दगडावर घासली तर उडणारे कण दीड हजार अंश सेल्सियसच्या वर तापतात आणि एखाद्या सेकंदाहून जास्त वेळ जळत राहतात. पोलादाच्या काठ्यांनी असं काही केलं नाही. म्हणजे आग लावणाऱ्या माणसाची, ‘मी काही केलं नाही, काठीनेच केलं’ ही सबब विद्यापीठाने प्रयोगशाळेत सिद्ध करून दिली. गोल्फच्या इतिहासात काठीवर ठेवलेला आरोप शास्त्राने मान्य केल्याचं असं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

बाकी बाबतींत शास्त्र काठीच्याच बाजूने बोलत राहिलं, आणि काठी फारच चांगली झाली तेव्हा नियमकर्ते घाबरले. अमेरिकेतला यूएसजीए १९९८पासून पत्र्याच्या उसळीवर मर्यादा घालून बसला होता. कॅलवेंनी २०००च्या ऑक्टोबरात ती मर्यादा ओलांडणारा ‘ईआरसी टू’ सरळ अमेरिकी बाजारात आणला. ईआरसी ही त्यांच्याच पूर्ण नावाची आद्याक्षरं. त्यांचं म्हणणं साधं होतं: व्यावसायिकांनी नियमात खेळावं, पण रविवारी चार मित्रांबरोबर खेळणाऱ्या माणसाला आणखी थोडं अंतर मिळालं तर कुणाचं काय बिघडतं? या म्हणण्याला अर्नोल्ड पामरने पाठिंबा दिला आणि अमेरिकेत गहजब झाला. पामर म्हणजे गोल्फचं दैवत. ते बेकायदा काठीची शिफारस करतंय म्हटल्यावर भाविकांनी कुणाकडे बघायचं?

गंमत म्हणजे अमेरिका आणि मेक्सिको सोडून बाकी जगातला खेळ स्कॉटलंडमधल्या आर अँड एच्या नियमांवर चालतो. त्यात भारतही आला. आर अँड एने हौशी खेळाडूंसाठी तीच मर्यादा सक्तीची केली ती २००८पासून. म्हणजे मधली काही वर्षं जी काठी न्यू जर्सीत निषिद्ध होती ती पुण्यात बिनदिक्कत चालत होती. परदेशात चालतं ते इथे चालत नाही, या नेहमीच्या तक्रारीला हा एक दुर्मिळ अपवाद.

उसळी मोजायची रीतही मजेशीर आहे. एक छोटा लंबक काठीच्या तोंडावर आपटतात आणि तो किती वेळ चिकटून राहतो ते मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट, म्हणजे २५७. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. चेंडू शोधायला तीन मिनिटं देणाऱ्या खेळात हे मोजमाप चालतं. आणि इथे टायटेनियमचा एक विलक्षण स्वभाव उघड होतो. हजारो फटके खाल्ल्यावर पत्रा थोडाथोडा सैलावतो, उसळी वाढत जाते आणि मग एक दिवस त्याला तडा जातो. मरण्याच्या थोडं आधी ड्रायव्हर सर्वांत चांगला चालतो. कायदेशीर म्हणून घेतलेली काठी अशी हातातल्या हातात बेकायदा होते. झँडर शॉफली या व्यावसायिक खेळाडूची २०१९च्या ब्रिटिश ओपनला झाली.

२०२५च्या मे महिन्यात, पीजीए चॅम्पियनशिपच्या आठवड्यात, रोरी मॅकलरॉयचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला. महिन्यापूर्वीच त्याने मास्टर्स जिंकलेली. नव्या काठीने खेळून तो ४७व्या क्रमांकावर बरोबरीत राहिला आणि गोल्फप्रेमींच्या जगात एकच कुजबुज: बघा, काठीच गेली! त्या कुजबुजीत तथ्य असेलही. अडचण एवढीच की त्याच आठवड्यात स्कॉटी शेफ्लरचाही ड्रायव्हर नापास झाला होता. त्यानेही ऐन वेळी दुसरा घेतला आणि पाच फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. सबब कितपत टिकते हे तपासायला याहून नेटका प्रयोग कुणाला ठरवूनही जमला नसता.

काठी निर्दोष ठरत चालली तशी खेळाडूंची पंचाईत झाली, पण कंपन्या दयाळू. टेलरमेडने २००४ साली ‘आर सेव्हन क्वाड’ काढला. त्याच्या डोक्यात चार वजनं होती, ती छोट्या पान्याने काढून इकडची तिकडे लावता येत. पुढे मानेतच फिरकी आली. तोंडाचा कोन वाढवा, कमी करा, डावीकडे करा, उजवीकडे करा. इंजिनिअर खेळाडूंचं सोनं झालं. शनिवारची रात्र पाना घेऊन डोक्याशी घालवायची आणि रविवारी सकाळी चेंडू झाडीत गेला की म्हणायचं, ‘अजून सेटिंग जमत नाहीये.’ खेळ चालू असताना सेटिंग बदलायची नियमाने मनाई आहे, आणि त्याहून सोयीचा नियम दुसरा नाही. अठरा होल संपेपर्यंत ही सबब पुरते. पर्सिमनचं ओलं लाकूड गेलं, त्याच्या जागी स्क्रू आला.

आकडे काय सांगतात? आर अँड एने ब्रिटनमधल्या हौशी पुरुष खेळाडूंचे ड्रायव्हरचे फटके वर्षानुवर्षं मोजले. १९९६ला सरासरी २०० यार्ड होती, २०१९ला २१६. तेवीस वर्षं, दरवर्षी नवा ड्रायव्हर, दर ड्रायव्हरला दहा-वीस यार्डांचं वचन, आणि मिळाले १६ यार्ड, म्हणजे साधारण पंधरा मीटर. त्यातलंही किती काठीचं, किती नव्या चेंडूचं, कोण सांगणार? व्यावसायिकांना मात्र घबाड मिळालं. अमेरिकेच्या पीजीए टूरची सरासरी १९८० साली २५७ यार्डांच्या आसपास होती, ती आता ३००ला भिडली आहे. वर्षभराची सरासरी ३००च्या वर ठेवणारा पहिला खेळाडू जॉन डेली, १९९७ साली. तेव्हा ते जंगली शक्तीचं लक्षण होतं. आता निम्मी टूर तेवढं मारते. ज्यांना काठीची गरज सर्वांत कमी, त्यांनाच ती सर्वांत जास्त फळली. हे पाहून हौशी खेळाडूने निराश व्हायला हवं. तो होत नाही. त्या १६ यार्डांत आपला वाटा सरासरीपेक्षा जास्त आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते.

या सगळ्या हिशेबात भारताच्या गोल्फने एक खोडा घालून ठेवला आहे. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या गोल्फची शेवटची फेरी. ज्या घरांत गोल्फ म्हणजे साहेब लोकांचं चालणं एवढीच माहिती होती तिथेही लोक भल्या पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते आणि ‘बर्डी’ म्हणजे काय, ते चहाच्या कपावर एकमेकांना समजावून सांगत होते. बंगळूरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. ड्रायव्हरच्या अंतरात ती मैदानावरच्या सर्वांत मागच्या खेळाडूंपैकी एक. काही महिन्यांपूर्वी कोविड होऊन गेल्याने ताकद आणखी कमी झालेली. समोरच्या खेळाडूंचे चेंडू पन्नास-पन्नास यार्ड पुढे पडत होते. ती मागून लांबचा फटका मारून ग्रीनवर येई आणि पटरने चेंडू होलमध्ये घाली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. एका फटक्याने तिचं पदक हुकलं. ती चौथी आली. सोमवारी ऑफिसात आणि लोकलमध्ये तिच्या पटिंगची चर्चा होती. त्या आठवड्यात पटरच्या दुकानात गर्दी झाली असेल असं वाटेल. पण पटर कुठे ‘धडाम’ म्हणतो?

नियमकर्त्यांनी अलीकडे लांबीलाही हात घातला आहे. ड्रायव्हर ४८ इंचांपर्यंत लांब असू शकतो. फिल मिकलसनने २०२१ साली वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा त्याच्या हातात जवळजवळ ४८ इंचांचा ड्रायव्हर होता. त्यानंतर वर्षभराच्या आतच, जानेवारी २०२२पासून, व्यावसायिक स्पर्धांसाठी ४६ इंचांची मर्यादा लावण्याची मुभा आयोजकांना मिळाली आणि पीजीए टूरने ती लगेच लागू केली. मिकलसन भडकला. हौशी खेळाडूंना मात्र हा नियम लागू नाही. पट्टीचे खेळाडू ४६वर अडले आणि २४ हँडिकॅपवाल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला अजून दोन इंच मोकळे आहेत. त्याने ती बातमी कात्रण काढून ठेवली आहे. मेहुणा डिसेंबरात येतोय. या वेळी त्याला मोठी सुटकेस आणायला सांगितली आहे.